मावशीचा कॅमेरा: साधा कॉम्पॅक्ट घेण्याआधी तो पारखायचा कसा

गणपती उठले आणि बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या मावशीने फर्मान काढलं, "मला एक फोटो काढायचं यंत्र आणून दे. नुसते फोटो काढणारं. ज्यात फोन येत नाही असं." तिची तक्रार खरी होती. नातवाच्या मुंजीत मातृभोजनाचा घास बटूच्या तोंडाशी गेला, हिने मोबाइल धरला आणि नेमका गॅसवाल्याचा फोन आला. घास खाऊन झाला तरी हिच्या पडद्यावर गॅसवालाच.

मी आधी वाद घातला. आजकालच्या फोनपुढे साधा कॅमेरा कशाला, वगैरे. मग शोधाशोध सुरू केली, बडोद्यातल्या चार-पाच दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या, एक कॅमेरा परत केला आणि दुसरा ठेवला. या भानगडीत पारखायची जी रीत बसली, ती इथे लिहितो आहे. हौशी माणसासाठी आहे. ज्यांना लेन्स बदलायच्या आहेत, त्यांचा रस्ता वेगळा.

आधी फोनमधले वाईट फोटो मोजा

दुकानात जाण्याआधी घरी बसून एक काम करायचं. फोनमधले गेल्या वर्षातले शंभर फोटो पाहायचे आणि फसलेले बाजूला काढायचे. मग ते का फसले याचे ढीग करायचे: अंधार होता, माणूस लांब होता, हलत होता, की क्षण निसटला.

हे ढीगच सांगतात की कॅमेरा घ्यावा की नाही. मावशीचे फसलेले फोटो तिसाच्या आसपास निघाले. त्यातले बरेचसे "लांब" आणि "निसटले" या ढिगात होते. कमाटी बागेतला नातू मुंगीएवढा, आणि केक कापून झाल्यावरची सुरी. या दोन आजारांवर साध्या कॅमेऱ्याकडे औषध आहे: खरा झूम आणि बोटाला लागणारं खरं बटण.

पण तुमचा मोठा ढीग "अंधार" असेल तर थांबा. इथे लोक हमखास फसतात. स्वस्त कॉम्पॅक्टमधला, म्हणजे लेन्स कायमची बसवलेल्या छोट्या कॅमेऱ्यातला, सेन्सर (उजेड टिपणारा तुकडा) बहुतेक वेळा १/२.३ इंच नावाचा असतो, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. करंगळीच्या नखाहूनही लहान. चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात आता याहून मोठा सेन्सर बसवतात, शिवाय फोन एका फोटोसाठी भराभर अनेक फ्रेम घेऊन त्या एकमेकींत मिसळतो. साधा कॅमेरा बिचारा एकच फ्रेम घेतो. त्यामुळे दिवेलागणीनंतर, फ्लॅशशिवाय, फोन त्याला बहुतेक वेळा हरवतो. हे दुकानदार सांगणार नाही.

अंधारासाठीच कॅमेरा हवा असेल तर एक इंच सेन्सरवाल्या वर्गाकडे जावं लागतं. सोनीचा आरएक्स १०० हा २०१२ मध्ये आलेला त्या वर्गातला गाजलेला कॅमेरा. नावात एक इंच असलं तरी तो सेन्सर १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच असतो (हे मोजमाप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या हिशेबातून आलेलं आहे), पण त्याचं क्षेत्रफळ १/२.३ च्या चौपट भरतं. किंमतही त्या मानाने चढते. मावशीला तो नको होता.

खोक्यावरचे आकडे

"वीस मेगापिक्सल छे, बीजुं शुं जोईए?" (आणखी काय हवं?) रावपुऱ्यातल्या एका दुकानदाराने मला विचारलं होतं. त्याला वाईट वाटू नये म्हणून मी गप्प बसलो. आल्बममध्ये लावायच्या ४ बाय ६ इंची प्रिंटला ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) हिशेबाने १२०० गुणिले १८००, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सल पुरतात. ए-४ आकाराला पावणेनऊच्या आसपास. फोर-के टीव्हीचा सगळा पडदा ८.३ मेगापिक्सलमध्ये भरतो. नखाएवढ्या सेन्सरवर वीस दशलक्ष ठिपके कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला उजेड कमी येतो. मग कॅमेरा त्यातली खरखर (दाणेदारपणा) पुसायला जातो आणि सोबत साडीची जरही पुसून टाकतो. मेगापिक्सलचा आकडा वाचायचा आणि पुढे जायचं.

नजर ठेवायची ती लेन्सभोवती छापलेल्या बारीक अक्षरांवर. तिथे दोन जोड्या असतात. एक झूमची, तिचा ३५ मिलिमीटरच्या (जुन्या फिल्मच्या) हिशेबातला आकडा माहितीपत्रकात मिळतो. दुसरी एफ-आकड्यांची. हा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त. उदाहरणादाखल सोनीचा डब्ल्यू ८०० पाहा: २६ ते १३० मिलिमीटर, एफ ३.२ ते ६.४. म्हणजे पाचपट झूम. पण शेवटच्या टोकाला लेन्समधून येणारा उजेड सुरुवातीच्या एक चतुर्थांश होतो, कारण एफ-आकडा दुप्पट झाला की उजेड चौथाई. सभागृहात मागच्या खुर्चीवरून झूम करून काढलेले फोटो काळपट आणि हललेले का येतात, त्याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

दुसरी गोष्ट स्थिरीकरणाची, म्हणजे हाताची थरथर सावरण्याची. डब्ल्यू ८०० आणि डब्ल्यू ८३० दिसायला सख्खी भावंडं. पण ८३० मध्ये आठपट झूम आहे आणि लेन्समधलं खरं, ऑप्टिकल स्थिरीकरण आहे. ८०० मध्ये ते नाही. साठी ओलांडलेल्या हातांसाठी हा फरक मोठा. जुना ठोकताळा असा की १३० मिलिमीटरला झूम केलं तर शटर सेकंदाच्या १३० व्या भागाहून वेगवान हवं, नाहीतर हाताची थरथर फोटोत उतरते. ऑप्टिकल स्थिरीकरण असेल तर त्याहून दोन-तीन पायऱ्या (दर पायरीला वेळ दुप्पट) संथ शटरही चालून जातं. खोक्यावर "डिजिटल स्टेडी" अशा अर्थाचं काही असेल तर त्याला मोजू नका. "डिजिटल झूम" तर मेनूत जाऊन बंदच करून टाका. तो फोटो कापून फुगवतो. ते काम घरी तुम्हीही करू शकता.

काउंटरवरची वीस मिनिटं

आपलं स्वतःचं मेमरी कार्ड घेऊन जा. दुकानातल्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर सगळेच फोटो छान दिसतात, कारण पडदा लहान असतो. खरं रूप घरी संगणकावर कळतं, म्हणून फोटो आपल्याबरोबर घरी आले पाहिजेत.

कॅमेरा हातात आल्यावर तो चालू होऊन पहिला फोटो निघेपर्यंत मनात मोजा. दोन सेकंद चालतील. चार म्हणजे नातू पळाला.

मग माझी आवडती परीक्षा. फोनवर स्टॉपवॉच सुरू करून काउंटरवर उभा ठेवा. कॅमेरा त्याच्यावर रोखा आणि घड्याळात बरोबर पाच सेकंद दिसले की बटण एका दमात खालपर्यंत दाबा. फोटोत काय आकडा आला पाहा. ५.६ आला तर सहा दशांश सेकंद गेला. यात तुमच्या बोटाचाही उशीर आहे, म्हणून दुसऱ्या खेपेला आधी बटण अर्धं दाबून फोकस लावून ठेवा आणि पाचवर उरलेलं दाबा. आता ५.३ आला, तर मधले तीन दशांश कॅमेऱ्याने फोकस शोधण्यात घालवले. दोन्ही प्रकार तीन-तीनदा करा. मावशीला हे करून दाखवलं तेव्हा तिला अर्धं बटण दाबण्याचा अर्थ पहिल्यांदा कळला, आणि त्या एका सवयीने तिचे निम्मे "निसटले" फोटो वाचले असते. बहुतेक फोनना अर्धं बटण नसतं, हा कॅमेऱ्याचा मोठा फायदा.

पुढे झूम दहा वेळा आत-बाहेर करा, कॅमेरा कानाजवळ धरून. एकसारखी घूंऽ हवी. खरखर किंवा अडखळणं ऐकू आलं तर परत ठेवा. लेन्सच्या नळीत रेतीचा एक कण गेला की एके दिवशी ती अर्ध्यात अडकते आणि पडद्यावर "लेन्स एरर" येतो. मग दुरुस्तीचा खर्च बहुधा कॅमेऱ्याला गिळून टाकतो.

एक वर्तमानपत्र मागून घ्या. छोट्या जाहिरातींचं पान भिंतीवर सपाट धरायला लावा आणि समोरून, सरळ, पान चौकटीत भरेल असा फोटो घ्या. झूम कमी ठेवून एक, जास्त ठेवून एक. घरी चारही कोपरे बघायचे. चारही किंचित मऊ असतील तर स्वस्त लेन्सचं ते चालायचंच. पण एक कोपरा पुसट आणि समोरचा टवटवीत असेल तर लेन्स आत तिरकी बसली आहे. तो कॅमेरा नको. एखाद्याच नगात हा दोष असू शकतो, त्यामुळे त्याच मॉडेलचा दुसरा नग मागायला लाजू नका.

शेवटी पडदा उन्हात नेऊन पाहा. साध्या कॅमेऱ्याला डोळा लावायची खिडकी नसते. बडोद्याच्या मे महिन्याच्या उन्हात काही पडदे आरशासारखे होतात आणि तुम्ही स्वतःचंच तोंड बघत बटण दाबता.

जुना कॅमेरा घेत असाल तर

सध्या कॉलेजच्या पोरांना जुन्या सीसीडी (सेन्सरचा एक जुना प्रकार) कॅमेऱ्यांचं वेड लागलं आहे. माझी भाची म्हणते, त्याचे रंग वेगळे येतात. रंग सेन्सरपेक्षा कॅमेऱ्याच्या आतल्या प्रक्रियेवर जास्त अवलंबून असतात असं माझं मत, पण भाचीशी कोण वाद घालणार. जुन्यात पैसे वाचतात हे खरं. मात्र तपासणी दुप्पट करावी लागते.

मी पहिल्यांदा फसलो तो इथेच. दुकानात फोटो ठीक दिसले. घरी येऊन संगणकावर पाहिले तर आकाशाच्या प्रत्येक फोटोत उजवीकडे वरच्या बाजूला एकाच जागी करडा डाग. सेन्सरवर धूळ. लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात ती झटकता येते. कॉम्पॅक्टमध्ये लेन्स कायमची बसवलेली, त्यामुळे पूर्ण उघडावा लागतो. म्हणून कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आकाशाचा एक फोटो पूर्ण झूम करून काढा आणि डाग शोधा. दुकानातच, फोटो मोठा करून. दुकानदाराने तो परत घेतला, पण पैसे द्यायला तीन चकरा मारायला लावल्या.

लेन्स बाहेर काढून समोरून, जरा तिरका, मोबाइलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांना ती हमखास लागते. दोन-चार धुळीचे कण मात्र माफ.

बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा आणि बोटाने गोल फिरवून बघा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती फुगली आहे. मग तिच्यासारखी नवी अजून मिळते का हे घेण्याआधी शोधा, नंतर नाही. पेन्सिल सेलवर चालणारे जुने कॅमेरे या बाबतीत सुखी. त्यांत रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला, साधे सेल भराभर बसतात.

बॅटरी काढून परत घातल्यावर कॅमेरा तारीख विचारतो का, हेही पाहा. लगेच विचारत असेल तर आतली तारीख सांभाळणारी छोटी बॅटरी गेली आहे. फोटो चांगलेच येतील, पण सगळे एकाच जुन्या सालातले दिसतील आणि पुढे क्रम लावताना डोकं फिरेल.

कार्डाची गंमत वेगळी. साधं एसडी कार्ड २ जीबीपर्यंतचं. ४ ते ३२ जीबीचं एसडीएचसी २००६ मध्ये आलं, त्याआधीचे कॅमेरे ते ओळखतच नाहीत. काही जुन्या ऑलिंपस आणि फुजी कॅमेऱ्यांना एक्सडी कार्ड लागतं, जुन्या सोनीला मेमरी स्टिक. ही कार्डं मिळवण्यात जी शोधाशोध होते, तिचा विचार करून भाव ठरवा. आणि कार्ड "लॉक्ड" असं आलं तर कॅमेऱ्याला दोष देण्याआधी कार्डाच्या कडेची इवलीशी खिट्टी वर सरकवा. एका दुकानात आम्ही तिघे जण दहा मिनिटं त्यासाठी डोकं धरून बसलो होतो.

बडोद्यातली फेरी

दुकानदार ओळखीचा असेल तर एक दिवस कॅमेरा घरी द्या म्हणावं. मी दुसऱ्या वेळी तसंच केलं आणि मावशीला घेऊन निघालो. फोनही बरोबर ठेवा. प्रत्येक फोटो दोन्हींनी काढायचा, एकाच जागेवरून.

सकाळी घरातच सुरुवात केली. मावशीचा वाडा जुना, माजघर काळोखं आणि पुढचं दार रस्त्याच्या उन्हात. दारात माणूस उभा करून आतून फोटो घ्या. चेहरा काळाठिक्कर आला की कॅमेरा उजेडाला भुलला समजा. आता मेनूत फोटो उजळ-गडद करायची, अधिक-उणे अशी खूण असलेली जागा शोधा आणि अधिक एक करा. ती किती बटणं दाबून सापडली ते मोजा. दोन-तीन ठीक, सहा म्हणजे ती कधी वापरली जाणारच नाही. दुसरा उपाय, फ्लॅश सक्तीने चालू करा, भर उजेडातही. दारातल्या चेहऱ्याला त्याने जीव येतो.

देवासमोरच्या जास्वंदीचा जवळून फोटो घ्या. स्वस्त कॅमेरे लाल रंगात बुडतात, पाकळीच्या शिरा जाऊन नुसता लाल डबका उरतो. मावशीच्या इरकलीच्या काठाचाही एक घेतला. फोनने काठ जास्त झळाळता दाखवला. कॅमेऱ्याने रंग साडीच्या जवळचा दिला, पण विणीचे धागे किंचित मिसळून गेले. मावशी म्हणाली, "फोनमधली साडी माझी नाहीच." रंगाची परीक्षा वस्तू शेजारी ठेवूनच करावी.

रावपुऱ्यातला तांबेकर वाडा वाटेवरच आहे. एकोणिसाव्या शतकातल्या बडोद्याच्या दिवाणांचं ते घर, भिंतींवर चित्रं. अशा चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही. त्यामुळे आतला मंद उजेड ही उत्तम कसोटी होते. खांबाला टेकून, श्वास रोखून फोटो काढा. कॅमेऱ्याने आयएसओ (सेन्सरचा उजेड किती वाढवून घेतला त्याचा आकडा) किती घेतला ते नंतर फोटोच्या माहितीत दिसतं. नखाएवढ्या सेन्सरचा माल ४०० पर्यंत बरा, ८०० ला ओढाताण, त्यापुढे चित्र रांगोळी सांडल्यासारखं. इथे फोन स्वच्छ जिंकला.

दुपारी सूरसागर. तलावाच्या काठावरून मधल्या शंकराच्या उंच मूर्तीवर पूर्ण झूम. ऊन भरपूर असल्यामुळे एफ ६.४ चीही अडचण नाही. तिथून काळा घोडा चौकाकडे, विश्वामित्रीच्या पुलावर. बडोदेकरांना सांगायला नको, नदीत मगरी आहेत आणि ऊन खायला काठावर येतात. अर्धा तास थांबल्यावर एक दिसली. फोनमध्ये ती लाकडाचा ओंडका होती. कॅमेऱ्यात पाठीवरचे खवले मोजता आले. मावशीने तो फोटो त्याच पुलावर उभं राहून चार अनोळखी माणसांना दाखवला, आणि माझ्या मते कॅमेरा तिथेच विकला गेला.

सूर्याकडे किंवा झगझगीत दिव्याकडे रोखल्यावर पडद्यावर उभी जांभळट रेघ आली तर घाबरू नका. सीसीडी सेन्सरची ती जुनी खोड आहे. फोटोत बहुधा येत नाही, व्हिडिओत येते.

रात्री शेरी गरब्याची, म्हणजे गल्लीतल्या गरब्याची, तालीम चालू होती. पोळीत (जुन्या वस्तीतल्या गल्लीला इथे पोळ म्हणतात) दोन-चार माळा आणि एक हॅलोजन. फ्लॅश बंद ठेवून काढलेल्या फोटोची माहिती नंतर पाहिली: आयएसओ ८००, शटर सेकंदाचा १५ वा भाग. फिरणारी माणसं गोठवायला २५० वा तरी हवा. साहजिकच सगळ्या घागरा-ओढण्या ढगासारख्या. फोनमध्येही तेच, जरा स्वच्छ ढग. मग फ्लॅश लावला आणि चित्र पालटलं. कॅमेऱ्याचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी वेळ चमकतो, त्यामुळे उडालेली ओढणी हवेत थिजते. फोनचा दिवा नुसताच पेटून राहतो, त्याला हे जमत नाही. अट एकच: माणूस तीन मीटरच्या आत हवा, आणि झूम केलेलं नसावं. मागची पोळ काळी पडते, तिच्यासाठी चंद्र आणि माणूस अशी खूण असलेला रात्रीचा मोड लावा. त्यात फ्लॅशही उडतो आणि शटरही थोडं रेंगाळतं. दोन फ्लॅशच्या मध्ये किती वेळ जातो तेही मोजा. आमचा पाच सेकंद घेत होता. दोन टाळ्या हुकतात, पण चालतं. आणि हो, पोळीतली मुलं-मुली ओळखीची होती म्हणून काढले. अनोळखी चेहऱ्यावर फ्लॅश मारण्याआधी विचारावं.

घरी, मोठ्या पडद्यावर

दुसऱ्या दिवशी सगळं संगणकावर उघडा. आधी प्रत्येक फोटो पडदाभर पाहा, कारण पुढे तो तसाच पाहिला जाणार आहे. मग शंभर टक्के मोठा करून फक्त तीन ठिकाणं बघा: वर्तमानपत्राचे कोपरे, कोऱ्या भिंतीवरचे डाग, माणसाच्या भुवया. भुवयांचे केस वेगळे दिसले तर कॅमेरा बरा. पट्ट्यासारखी भुवई आली तर पुसापुशी जास्त आहे. याहून जास्त खोदत बसू नका. शंभर टक्क्यांत कुठलाच स्वस्त कॅमेरा पास होत नाही.

लेन्स हाताने झाकून काढलेला एक फोटोही बघा. काळ्यावर रंगीत ठिपके एखाद-दुसरे असतील तर ठीक. चांदण्या दिसल्या तर परत.

मग सुरुवातीचे ढीग आठवा आणि फोन-कॅमेऱ्याचे जोडफोटो त्या हिशेबाने लावा. आमच्याकडे "लांब" मध्ये कॅमेरा, "निसटले" मध्ये कॅमेरा, फ्लॅशच्या टप्प्यातल्या हलत्या माणसांत कॅमेरा, "अंधार" मध्ये फोन. मावशीचे मोठे ढीग पहिले दोन, म्हणून घेतला. तिचा मोठा ढीग अंधाराचा असता तर मी पैसे वाचवले असते.

बिल घेताना त्यावरचा अनुक्रमांक कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवा आणि वॉरंटी भारतातली आहे का ते विचारा. एक जादा बॅटरी त्याच दिवशी घ्या. माहितीपत्रकात दिलेला "इतके फोटो" हा आकडा ठरावीक पद्धतीने मोजलेला असतो, त्यात एक फोटो सोडून एक फ्लॅशने काढतात. मावशी मात्र फोटो काढते कमी आणि पडदा चालू ठेवून लोकांना दाखवते जास्त. तिची बॅटरी त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

ठेवायला घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या. मनगटाची दोरी पहिल्या दिवसापासून.

मेनूतली शेवटची जुळवाजुळव करताना मी फोटोवर तारीख छापायचा पर्याय बंद केला. तारीख तशीही फाइलमध्ये साठते आणि फोटोवर एकदा छापली की निघत नाही, कोपऱ्यात ते केशरी आकडे कायमचे. मावशीला हे सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं, कॅमेरा हातात घेतला, तो पर्याय स्वतः शोधून पुन्हा चालू केला आणि म्हणाली, "आल्बम मी बघणार की तू?"